उस्मानियाच्या दगडांतील वेरूळ

हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत उस्मानिया विद्यापीठाचे एखादे तरी पदवीपत्र जपून ठेवलेले आढळते. माझ्या आजोबांचे उर्दूत आहे. परभणीहून ते येथे शिकावयास आले, इतिहास आणि तर्कशास्त्र उर्दूत शिकले. घरचा हिशेब मात्र अखेरपर्यंत मोडीत लिहीत राहिले. ते ज्या वास्तूत शिकले त्या आर्ट्स कॉलेजकडे मी त्यामुळे नेहमीच दोन मनांनी पाहतो.

विद्यापीठाच्या स्थापनेचे फर्मान सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ साली काढले. १९१९ मध्ये शहरातील गनफाउंड्री भागात वर्ग सुरू झाले. कायमच्या जागेसाठी पॅट्रिक गेडिस यांचा सल्ला घेण्यात आला; ते त्या काळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. पसंत पडला तो शहराबाहेरचा अडिकमेटचा खडकाळ माळ. हा मुलूख पूर्वी उर्दू कवयित्री माह लका बाई चंदा हिच्या जहागिरीत होता. येथील ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. चौदाशे एकरांहून अधिक क्षेत्र, त्यात एकावर एक रचल्यासारखे दिसणारे प्रचंड धोंडे आणि उंचसखल जमीन. सपाटीकरणाचा हव्यास न धरता चढाच्या माथ्यावर मुख्य इमारत योजली, हे मला त्या नियोजनातील सर्वांत शहाणपणाचे वाटते. दुरून येणाऱ्याला ती वास्तू जमिनीतूनच वर आल्यासारखी भासते.

झैन यार जंग आणि सय्यद अली रझा या दोन वास्तुविशारदांना परदेशांतील विद्यापीठे पाहण्यासाठी पाठविण्यात आले. आराखडा सोपविला गेला अर्नेस्ट यास्पार या बेल्जियन वास्तुविशारदाकडे. कैरोनजीकच्या हेलिओपोलिसचे भव्य हॉटेल (१९१०) ही त्याचीच कृती. मात्र कैरोची नक्कल येथे आणून बसवावयाची नव्हती. संस्थानातील बीदर, गुलबर्गा, गोवळकोंडा, अजिंठा आणि वेरूळ येथील जुनी बांधकामे त्याने अभ्यासली. ५ जुलै १९३४ रोजी कोनशिला बसली आणि ४ डिसेंबर १९३९ रोजी निजामांच्या हस्ते उद्‌घाटन झाले.

गुलाबी छटेच्या ग्रॅनाइटची ही वास्तू सावकाश पाहावी. दर्शनी कमान इराणी धाटणीची, उत्तुंग, वर टोकदार होत जाणारी. आत शिरावे तो खांब आणि तुळया लेण्यांची आठवण करून देतात. वरच्या मजल्यावर पुन्हा कमानी. अजिंठा-वेरूळ त्या वेळी निजामाच्या राज्यातच, औरंगाबाद जिल्ह्यात होते, हे आपण विसरतो. मराठवाड्याच्या डोंगरातील शिल्पपरंपरेला राजधानीच्या विद्यापीठात मानाचे स्थान मिळाले ते असे.

खांबांना मिळालेला हा मान भाषेला मात्र मिळाला नाही. शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसी होता, यात शंका नाही. त्यासाठी अनुवादखाते उभारले गेले आणि वैद्यकाचे ग्रंथसुद्धा उर्दूत आले. पण प्रजेत बहुसंख्य होते ते तेलुगू, मराठी आणि कानडी भाषक. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला रोज जाणवते की मुलाचे दुखणे आई आपल्याच भाषेत नेमके सांगू शकते; परक्या भाषेत ती फक्त 'ताप आहे' म्हणते. शिकणाऱ्याचेही असेच होत असावे.

मुख्य इमारत अजून अपुरी असतानाच, १९३८ च्या अखेरीस, वसतिगृहातील विद्यार्थ्यांना 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. संप झाला, शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकी एक.

१९४८ नंतर माध्यम इंग्रजी झाले. १९५३ च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांना याच विद्यापीठाने सन्मान्य डी.लिट. दिली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत औरंगाबाद-नांदेडच्या मुलांचे विद्यापीठ हेच होते. त्याच वर्षी कुन्नूरहून आलेली पोषण संशोधन संस्था, आजची राष्ट्रीय पोषण संस्था, या परिसराला लागून वसली. सहा महिन्यांनी एकदा अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस आपण मुलांना देतो, त्यामागचे संशोधन तेथले. पुढे माळाचे तुकडे पडत गेले. संस्था, रस्ते आणि अतिक्रमणे यांनी धोंड्यांची जागा घेतली. आर्ट्स कॉलेजसमोरचा चढ तेवढा अद्याप मोकळा आहे. तेलंगणाच्या आंदोलनात १९६९ साली आणि पुन्हा २००९ नंतर विद्यार्थी जमले ते याच आवारात.

आजोबांना मी एकदा त्या खांबांविषयी विचारले होते. वेरूळ त्यांनी पाहिलेले होते. ते म्हणाले, "खांबांकडे बघायला सवड कुणाला होती रे? दुसऱ्या दिवशीचा धडा उर्दूत पाठ करायचा असे."