मधल्या फळीतील खेळाडू

हेतू : ज्या कामाची नोंद गुणफलकावर होत नाही, त्याचे मोल मुलांना उमगावे.

विषयप्रवेश : फुटबॉलचा सामना संपल्यावर गोल कोणी केला, हे लहान मूलही सांगते. परंतु गोल करणाऱ्याच्या पायापर्यंत चेंडू कोणी पोहोचविला, असे विचारल्यास वर्गात बहुधा शांतता पसरते. बचाव फळी आणि आघाडी यांना सांधणारा खेळाडू तो मधल्या फळीतील. चेंडू गमावला की त्याने मागे धावावयाचे, मिळाला की पुढे न्यावयाचा, आणि योग्य क्षणी तो दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचा.

विषयप्रतिपादन : १९९३ साली मुंबईत जन्मलेले जयेश राणे हे अशा खेळाडूंपैकी एक होत. मुंबई एफ.सी. या संघात त्यांना खालिद जमील हे प्रशिक्षक लाभले. जमील स्वतः भारताकडून मधल्या फळीत खेळलेले. पुढे राणे चेन्नईयिन संघात गेले आणि २०१५ साली त्या संघाने इंडियन सुपर लीग जिंकली. २०१६-१७ च्या मोसमात गुरुशिष्य मिझोरममधील ऐझॉल संघात पुन्हा एकत्र आले. आदल्या मोसमात हा संघ आय-लीगमधून खाली घसरला होता. त्यास पुन्हा प्रवेश मिळाला होता इतकेच. त्याच संघाने बलाढ्य मोहन बागानला एका गुणाने मागे टाकले. राष्ट्रीय लीग जिंकणारा तो ईशान्य भारतातील पहिला संघ ठरला. त्यानंतर २०१९-२० साली कोलकात्याच्या ए.टी.के. संघातून आणि २०२२ साली ड्युरँड चषक जिंकणाऱ्या बंगळुरू संघातून राणे खेळले. २०२३-२४ च्या मोसमात ते मुंबई सिटी संघात आले. अंधेरीचे क्रीडा संकुल हे या संघाचे घरचे मैदान. त्या वर्षीही सुपर लीगचा चषक त्यांच्याच संघास मिळाला. संघ बदलले, प्रांत बदलले, भाषा बदलल्या. सहकाऱ्यांना खेळते ठेवण्याचे काम तेवढे तेच राहिले.

एक सावधगिरी : या व्यवसायास स्थैर्य थोडे. २००५-०६ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड संघ २०१० साली बंद झाला, मुंबई एफ.सी.ची वाटचालही २०१७ साली थांबली. म्हणून मुलास खेळाची गोडी अवश्य लावावी, परंतु त्यापायी त्याचे शिक्षण सुटू देऊ नये.

उपयोजन : दहा पावलांचा चौकोन आखावा. चार कोपऱ्यांवर चार मुले व मध्ये एक मूल उभे करावे. मधल्या मुलाकडे चेंडू येत असता त्याच्या पाठीमागील मुलाने काही बोटे वर करावीत. मधल्याने चेंडू पायाशी येण्यापूर्वी मान वळवून बोटांची संख्या सांगावी व नंतरच चेंडू पुढे द्यावा. दोन मिनिटांनी जागा बदलाव्यात. चेंडू येण्याआधी भोवताल पाहून ठेवणे हेच या खेळाचे मर्म होय. साध्या रबरी चेंडूनेही हा सराव होतो.

समारोप : वर्गातही असे एखादे मूल असते. ते पहिले येत नाही; मात्र शेजाऱ्याचे अडलेले गणित सोडवून देते, मागे राहिलेल्यास गटात ओढून घेते. प्रगतिपुस्तकात या गुणास रकाना नाही. शिक्षकाच्या नजरेत मात्र तो असावा आणि त्याची वाखाणणी चारचौघांत व्हावी.

प्रश्न : (१) आजच्या खेळात गोल होण्यापूर्वीचा पास कोणी दिला? (२) चेंडू जवळ नसताना तुम्ही काय केले?