लाल पेन खिशातच बरं

दहावीच्या पोराला शिकवायला बसणार असाल तर 'थँक्यू' ऐकायची आशा पहिल्याच दिवशी सोडून द्या. आमच्या मुक्तिधाम मंदिराच्या भिंतींवर गीतेचे 18 अध्याय कोरलेले आहेत. फळाची अपेक्षा धरू नये, हे आम्ही नाशिक रोडची माणसं तिथे जाता-येता वाचत आलो. पण नातवाला बीजगणित शिकवायची वेळ आली तेव्हा त्यातलं एक अक्षर माझ्या कामाला आलं नाही.

मी प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस. इथे 'प्रेस' म्हटलं की दोनच, 1925 ची सिक्युरिटी प्रेस आणि 1928 ची करन्सी नोट प्रेस. माझी बरीचशी नोकरी नोटांची छापील शीटं तपासण्यात गेली. शाई फाकली, रंग सरकला, नंबर पुसट आला की शीट बाजूला. हे काम वर्षानुवर्षं केलं की डोळ्यांना तीच सवय लागते. हॉटेलात गेलो तरी मेन्यूकार्डावरची छपाईची चूक मला पदार्थांच्या आधी दिसते. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला, त्यात जावयाला सातपूरला शिफ्ट ड्यूटी. नातवाची शाळा आमच्या जेल रोडच्या घरापासून जवळ. तेव्हा शाळा सुटली की त्याने आमच्याकडे यायचं, आबांनी अभ्यास घ्यायचा आणि रात्री आईने त्याला त्यांच्या घरी, उपनगरला घेऊन जायचं, असं ठरलं. ठरवताना त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पहिले काही आठवडे मी अंगात आल्यासारखा कामाला लागलो. वेळापत्रक आखून भिंतीवर लावलं. बिटको चौकाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणल्या, त्यांना पंच मारून फाइल केली. वह्यांना कव्हरं घातली. सकाळचं फिरणं बंद करून मी आदल्या दिवशीची त्याची गणितं तपासायला बसायचो, लाल पेन घेऊन. पान संपेपर्यंत ते युद्धभूमीसारखं दिसायचं. चिन्ह चुकलं, गोल. एकक लिहिलं नाही, गोल. आकृती पेनने काढली, मोठा गोल. संध्याकाळी तो यायचा, दप्तर टाकायचा, वही उघडून बघायचा आणि काही न बोलता मिटायचा. मी वाट बघायचो की हा आता म्हणेल, आबा, किती केलंत माझ्यासाठी. तो म्हणायचा, "खायला काय आहे?"

मग माझ्या तोंडून नको ती वाक्यं निघायला लागली. "तुझ्यासाठी मी फिरणं सोडलं." "आमच्या वेळी कोण बसत होतं आमच्यापाशी?" "तुला किंमत नाही." घरातल्या वडीलधाऱ्यांना ही वाक्यं शिकवावी लागत नाहीत, आपोआप येतात. एकदा भूमितीच्या रचनेत त्याने कंपासचे कंस खोडून टाकले होते, त्यावरून मी त्याला बराच वेळ सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आबा, मी काही नोटेचं शीट नाही. एक डाग दिसला की बाजूला."

त्यानंतर वही माझ्यापर्यंत यायचीच बंद झाली. क्लासला दिली आहे, मित्राकडे राहिली, घरी विसरली. सहामाहीचे पेपर दाखवले नाहीत. चार दिवसांनी मुलीला ते दप्तराच्या तळाशी सापडले, गणितात 40 पैकी 14. ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला गणित शिकवताय की तो तुमचं किती देणं लागतो ते शिकवताय?" मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही.

इथून पुढचं मी ज्यांच्या घरात यंदा दहावी आहे त्यांच्यासाठी लिहितो. आजी-आजोबांसाठी जास्त, कारण आईबापांना निदान नोकरीची पळवाट असते.

उपकाराचा पाढा म्हणणं आधी बंद करा. मनातही म्हणू नका. पोराला तो ऐकू येतो. पंधरा वर्षांच्या मुलाने रोज आभार मानावेत असं वाटत असेल तर तो अभ्यास परीक्षेसाठी करणार नाही, तुमचं कर्ज फेडायला करेल. आणि कर्ज फेडता येत नसलं की माणूस सावकाराचं दार टाळतो. मी फिरणं पुन्हा सुरू केलं. त्याचा त्याच्या गणितावर काही वाईट परिणाम झाला नाही, माझ्या गुडघ्यांवर चांगला झाला.

मात्र आभार न मानणं वेगळं आणि अपमान करणं वेगळं. पहिलं सोडून द्यायचं, दुसरं नाही. एकदा मित्रांसमोर तो बोलून गेला, "आबांना काही येत नाही, जुन्या पद्धतीने करतात." मी पुस्तक मिटलं, "आज माझी सुट्टी" म्हणालो आणि दत्तमंदिरापर्यंत चक्कर मारून आलो. व्याख्यान दिलं नाही, मुलीकडे तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन आला, "हे वर्गसमीकरण बघा ना जरा." ती माफी होती. तिच्यावर 'आधी सॉरी म्हण' असं शिक्कामोर्तब करून घ्यायला गेलो असतो तर समीकरणही गेलं असतं आणि माफीही.

त्याचं म्हणणं काही अगदी खोटं नव्हतं. तो सेमीचा विद्यार्थी, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. मी 'समद्विभुज' म्हटलं की तो माझ्याकडे पाहायचा आणि तो 'आयसोसेलिस' म्हणाला की मी त्याच्याकडे. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, दोन्ही माध्यमांची. दोन्ही शेजारी ठेवून बसलो की धडे तेच, उदाहरणं तीच. शिकवायला बसण्याआधी शिकवणाऱ्याने तेवढा गृहपाठ करावा, आणि तो केल्याचं सांगू नये.

आता तपासण्याबद्दल, कारण माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. बोर्डाचा पेपर तपासणारा शून्यापासून सुरुवात करून पायरीपायरीला गुण देत जातो. सूत्र लिहिलं, अर्धा. किमती घातल्या, अर्धा. शेवटचं उत्तर चुकलं तरी आधीच्या पायऱ्यांचे गुण पदरात पडतात. आम्ही प्रेसमध्ये बरोबर उलटं करायचो. डाग सापडला की सगळं शीट बाद. लाल पेन मी खिशात ठेवलं आणि पेन्सिलीने समासात फक्त मिळालेले गुण लिहायला लागलो. चूक दिसली तरी गोल नाही. शेवटी बेरीज. 4 गुणांच्या गणिताला अडीच मिळाले की दीड कुठे गेले हे तो स्वतःच शोधायचा, कारण आता तो त्याचा दीड होता. वही परत माझ्याकडे यायला लागली ती यामुळे, माझ्या स्वभावात फार सुधारणा झाली म्हणून नव्हे.

प्रश्नपत्रिकेचा नमुनाही पालकांनी एकदा डोळ्यांखालून घालावा. बीजगणिताचा लेखी पेपर 40 गुणांचा, भूमितीचा 40 चा आणि 20 गुण शाळेच्या हातात. 40 पैकी पहिल्या दोन प्रश्नांतच 20 गुण असतात, तेही एकेक-दोनदोन गुणांच्या लहान प्रश्नांचे. त्यातल्या काहींत चौकटी भरून कृती पूर्ण करायची असते. आमचे चिरंजीव मात्र शेवटच्या 3 गुणांच्या अवघड प्रश्नाशी पाऊण तास कुस्ती खेळायचे, कारण क्लासमधली हुशार पोरं त्यावरच बोलतात. आधी 20 पक्के करायचे, मग 4 गुणांची गणितं, मग कुस्ती. भूमितीत आकृती पेन्सिलीने काढायची, प्रत्येक विधानापुढे कारण लिहायचं, रचनेचे कंस खोडायचे नाहीत. हेच मी पूर्वी ओरडून सांगत होतो. आता कंस खोडलेल्या रचनेपुढे त्या पायरीचा गुण लिहायचा नाही, एवढंच करायचो.

भाषेचं वेगळं. मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत: पत्र, बातमी, जाहिरात, प्रसंगलेखन. मुलं हे 'लिहू ऐनवेळी' म्हणून सोडून देतात. इथे घरच्यांनी काही शिकवू नये, नुसतं वाचक व्हावं. त्याने एकदा सायकल दुरुस्तीच्या दुकानाची जाहिरात लिहिली, 'पंक्चर आम्ही काढू, कारण तुम्ही सांगा'. मी खरोखर मोठ्याने हसलो. मग तो लागोपाठ आणखी दोन जाहिराती लिहून घेऊन आला, न सांगता.

झोपेवरून मात्र घरोघरी उगाच भांडणं होतात. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा लागते, हे आता डॉक्टरही सांगतात. पहाटे चारला उठवून पुस्तकापुढे बसवलेला मुलगा डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो. मी पहाटेचा हट्ट सोडला. फक्त बोर्डाचा पेपर सकाळी 11 ला असतो, म्हणून शेवटच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी 11 वाजता पूर्ण पेपर सोडवायला बसायचं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. 40 गुणांना दोन तास, आणि 2023 पासून शेवटी मिळणारी वाढीव 10 मिनिटं. घड्याळ माझ्याकडे, बाकी सगळं त्याच्याकडे. पेपर चालू असताना मी खोलीत थांबत नसे. कुणी पाठीशी उभं राहिलं की मोठ्या माणसाचा हातही थरथरतो.

वेळापत्रकही मी भिंतीवरून काढलं. त्याने मोबाइलवर स्वतःचं केलं. माझ्या मते ते भिकार होतं, इतिहास जवळजवळ नव्हताच. "बेस्ट ऑफ फाइव्ह आहे आबा, एक विषय सुटतो," हा त्याचा मुद्दा. टक्केवारी पाच विषयांची धरतात हे खरं, पण सहाव्या विषयात पास व्हावंच लागतं, एवढं सांगून मी गप्प बसलो. पूर्वपरीक्षेत सामाजिक शास्त्रांनी त्याला जो झटका दिला त्याने माझं काम केलं. पूर्वपरीक्षा त्यासाठीच असते. तिथे पडू द्यावं. तिथेही आपण हात धरून चालवलं तर पडणं मार्चमध्ये होतं.

बक्षिसाचं आमिष दाखवू नका. 90 टक्के पडले तर आयफोन, असं आमच्या शेजाऱ्यांनी केलं आणि जानेवारीपासून त्या घरात फक्त फोनच्या मॉडेलवर चर्चा. धाकही दाखवू नका, कारण तो मुलांना खोटा ठरवता येतो. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा असते, हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं.

परीक्षेच्या काळात माझं काम जवळजवळ संपलं होतं. 2025 ची परीक्षा 21 फेब्रुवारीला मराठीने सुरू झाली. पेपरच्या मधल्या सुट्ट्या फसव्या असतात, पहिला दिवस आनंदात आणि शेवटचा घाबरण्यात जातो. केंद्रावर सोडायला मी गेलो नाही, त्याची आई गेली. बीजगणिताचा पेपर देऊन तो आला तेव्हा शेजारचे काका प्रश्नपत्रिका मागून उत्तरं पडताळायला बसले होते. ती मी त्यांच्या हातातून काढून घेतली. झालेल्या पेपरची चिरफाड करून पुढच्या पेपरचा घात होतो. मध्ये एक दिवस, लगेच भूमिती. मी एवढंच विचारलं, "जेवतोस ना?"

मे महिन्यात निकाल लागला. गणितात 71. मला वाटलं तेवढे नाहीत, त्याला वाटले त्याहून जास्त. पेढे घेऊन आला, माझ्या पाया पडला कारण आईने डोळे वटारले होते, आणि मित्रांबरोबर निघून गेला. आमची ही म्हणाली, "दोन शब्द बोलला असता तर काय झिजला असता?" झिजला नसता, खरं आहे.

अकरावीचा अर्ज आता सगळ्या राज्याला ऑनलाइन असतो. तो त्याने स्वतः भरला. आईबाबांचे फोन ड्यूटीवर लागत नाहीत म्हणून नंबर माझा दिला होता. रात्री साडेदहाला फोन आला, "आबा, ओटीपी सांगा." मी आकडे सांगितले, त्याने फोन ठेवला. पसंतीक्रमात पहिलं कॉलेज कोणतं टाकलं, ते मला दुसऱ्या दिवशी त्याच्या आईकडून कळलं.