पेशंटच्या 'हो'वर जाऊ नकोस

चि. सोनू,


डॉक्टर म्हणून तुझी सरकारी बॉण्डची नेमणूक कर्जत तालुक्यात झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं. कर्जत आणि खालापूर मिळून माझी नर्सबाईची अठ्ठावीस वर्षं त्याच वाड्या-पाड्यांत गेली. औषधं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात, त्यात मी तोंड घालणार नाही. एकच सांगते: पेशंट 'हो' म्हणाला म्हणजे त्याला कळलं, असं धरून चालू नकोस.

मी हे ठेच खाऊन शिकले. एका कातकरवाडीत एक गरोदर बाई होती. दर भेटीत मी विचारायची, "गोळ्या घेतेस ना?" ती मान डोलवायची, मी रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करायची. सातव्या महिन्यातही हिमोग्लोबिन हलेना, तेव्हा घरी गेले. कुडाच्या भिंतीला टांगलेल्या पिशवीत लोहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा! पहिल्या तीन-चार गोळ्यांनंतर तिला काळी शी झाली होती. पोटात काही जळलं असं वाटून ती घाबरली. लोहाने शी काळी होतेच, पण ते मी सांगितलंच नव्हतं. आणि 'हो' म्हणणं ही माझा मान राखण्याची तिची रीत.

म्हणून "घेतेस ना?" नको. "कशी घेतेस, सांग बघू" असं विचार. पट्टी हातात दे आणि तिलाच सांगायला लाव. "दिवसातून तीनदा, जेवणानंतर" हे आपण पोपटासारखं बोलतो. ज्या घरात चूल दोनदाच पेटते तिथे तिसरी गोळी राहूनच जाते.

१९८४ साली अमेरिकेत संशोधकांनी मोजलं होतं, की रुग्ण बोलायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतात. बाहेर रांग लागलेली असताना तुझ्याकडे तेवढाही वेळ नसेल, ठाऊक आहे मला. पण इथल्या बायका मुद्द्यावर उशिरा येतात. "डोकं दुखतं" म्हणत बसतात, आणि उठून दारापर्यंत गेल्यावर हळूच म्हणतात, "अंगावरून पण जातं." नवरा सोबत असेल तर तेही तोंडातून निघत नाही. त्याला केसपेपर काढायला धाड.

ठाकूर आदिवासींमधले म्हातारे तुला 'तू' म्हणतील. त्यांच्या बोलीत अहो-जाहो फारसं नाहीच, मनाला लावून घेऊ नकोस. तू मात्र त्यांना अहो म्हण. भगताकडे गेलात का, हे चिडून विचारलंस तर 'नाही' येईल. सहज विचारलंस तर कधी गेले, काय पाजलं, सगळं सांगतील. आणि विंचू-सापाच्या पेशंटमध्ये किती तास गेले हेच तर तुला हवं असतं.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. "गोळ्या चुकवू नका" म्हटलंस की 'हो' ठरलेलंच. त्यापेक्षा भट्टी कोणत्या गावाला, मुकादम कोण, हे विचारून केसपेपरवर लिही. टीबीच्या सरकारी नोंदणीचा, म्हणजे निक्षयचा, नंबर असला की औषध तिथल्या सरकारी दवाखान्यातही सुरू ठेवता येतं, पण तो नंबर कागदावर लिहून त्यांच्या हातात द्यायला हवा. दिवाळीला थोडेच दिवस उरलेत. तुझ्या रजिस्टरमधली माणसं वाडीत आहेत तोवर एवढं उरकून घे.

तुझी,
आत्या