थांबण्याचे बळ

मणिपूरच्या मीराबाई चानू हिने २०१७ साली भारोत्तोलनात जगज्जेतेपद मिळविले. पुढल्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत तिने सुवर्णपदक पटकाविले. परंतु त्यानंतर तिची कंबर दुखू लागली. जकार्ता येथील आशियाई स्पर्धा तर तोंडावर आली होती. दुखणे अंगावर काढून सराव चालू ठेवावा, असे कोणाही खेळाडूस वाटले असते.

जमिनीवरून भार उचलताना कंबरेच्या मणक्यांवर व स्नायूंवर मोठा ताण पडतो. दुखावलेल्या कंबरेवर तोच भार पुनःपुन्हा घातला, तर इजा बळावते. योग्य उपचार आणि जाणत्यांच्या सल्ल्याने केलेला हलका व्यायाम यांनी ती हळूहळू सावरते. मीराबाईने स्पर्धेतून माघार घेतली. वर्षानुवर्षे ज्यासाठी घाम गाळला, ती संधी डोळ्यांदेखत निघून गेली!

२०१९ साली ती पुन्हा स्पर्धेत उतरली. २४ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो वजनगटात एकूण २०२ किलो भार उचलून तिने रौप्यपदक मिळविले.

भार उचलण्यास बळ लागते. तो वेळीच खाली ठेवण्यासही बळच लागते.