टिपणवहीचे सातत्य

शाळेत संगणक, प्रोजेक्टर, इन्व्हर्टर अशी साधने आली म्हणजे त्यांच्यासमवेत अडचणीही येतात, आणि प्रत्येक अडचण सोडविताना एखादा शिक्षक काही नवे शिकतो. कोणती तार सैल झाली असता पडद्यावरील चित्र नाहीसे होते, बॅटरीतील पाण्याची पातळी केव्हा पाहावी, संगणक वारंवार बंद का पडत होता, हे ज्ञान पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ते त्या शिक्षकाच्या स्मरणात असते. त्याची बदली झाली की ते ज्ञानही गाव सोडून जाते, आणि नव्या शिक्षकास पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो.

म्हणूनच पुष्कळ शिक्षक अशा अनुभवांची वही घालतात. पहिल्या पानावर सुवाच्य शीर्षक, दुसऱ्यावर अनुक्रमणिका, पुढे तीन-चार टिपणे, आणि त्यानंतर कोरी पाने! असे का होते, याचा विचार करण्यास मायकेल फॅरडे यांचे उदाहरण उद्बोधक आहे.

आरंभ

फॅरडे यांचा जन्म १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. शालेय शिक्षण जुजबीच झाले. पुढे ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागले आणि बांधणीस आलेली पुस्तके वाचू लागले. १८१२ साली त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत हंफ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे आकृत्यांसह विस्ताराने लिहून काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. १८१३ साली त्याच संस्थेत त्यांना साहाय्यकाची जागा मिळाली. त्या वहीत त्यांचा स्वतःचा एकही शोध नव्हता. लिहिण्याची पात्रता येईपर्यंत ते थांबले नाहीत. लिहिता लिहिताच पात्रता येत गेली.

सातत्य

१८२० पासून १८६२ पर्यंतची त्यांची प्रयोगांची दैनंदिनी उपलब्ध आहे. १८३२ पासून ते प्रत्येक परिच्छेदास क्रमांक देऊ लागले. ही क्रमसंख्या अखेरीस १६,००० च्या वर गेली. कित्येक नोंदी दोन-तीन ओळींच्याच आहेत. आपली स्मरणशक्ती दगा देते, अशी त्यांची तक्रार असे. तेव्हा लिहिणे हा त्यांचा छंद नसून गरज होती. १८४० च्या सुमारास प्रकृती ढासळल्यामुळे त्यांचे संशोधन फार मंदावले. १८४१ साली विश्रांतीसाठी त्यांना स्वित्झर्लंडला जावे लागले. तथापि परतल्यावर त्यांनी नव्याने एकपासून आरंभ केला नाही. जुनाच क्रम पुढे चालविला. त्याच क्रमात १८४५ साली चुंबकाचा प्रकाशावर होणारा परिणाम नोंदला गेला. खंड पडणे म्हणजे शेवट होणे नव्हे.

अपयशाची नोंद

मार्च १८६२ मध्ये त्यांनी चुंबकाच्या प्रभावाने ज्योतीच्या वर्णपटात काही पालट होतो काय, हे पाहिले. काहीही पालट दिसला नाही, आणि त्यांनी तसेच लिहून ठेवले. पुढे या प्रयत्नाविषयी वाचून हॉलंडमधील पीटर झीमन यांनी अधिक सूक्ष्म उपकरणांनी तो प्रयोग पुन्हा केला. १८९६ साली त्यांना यश आले आणि १९०२ साली लोरेंट्स यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. एकाने प्रांजळपणे लिहिलेले अपयश दुसऱ्यास वाट दाखविते, ते असे.

शिक्षकांनी काय करावे

१. परिपूर्ण लेखाची वाट पाहू नये. अडचण काय होती, काय करून पाहिले आणि काय घडले, या तीन वाक्यांत नोंद पुरी होते.

२. प्रत्येक नोंदीस दिनांक व क्रमांक द्यावा. ‘पाहा, नोंद १४’ एवढ्याने पुढील शोध सोपा होतो.

३. जो उपाय फसला, तोही लिहावा.

४. दोन महिने लिहिणे झाले नाही तर नवी वही घालू नये. पुढचा क्रमांक लिहून पुढे चालावे.

५. वही साधनाजवळच ठेवावी. बदलीच्या वेळी ती नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. ही वही तपासणीसाठी नाही. शिक्षकांच्या डोक्यावर नोंदवह्यांचा भार आधीच पुष्कळ आहे, आणि साहेबांस दाखविण्यासाठी लिहिलेल्या वहीत चूक कधीच उमटत नाही. ज्या वहीत चूक नाही, ती पुढे येणाऱ्यास निरुपयोगी होय. मुख्याध्यापकांनी व अधिकाऱ्यांनी ती स्वाक्षरीसाठी मागू नये.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील कोणते तांत्रिक ज्ञान आज एकाच व्यक्तीच्या स्मरणात आहे?

२. आपली यापूर्वीची टिपणवही कोणत्या पानावर थांबली, आणि का?

३. त्या पानापुढील क्रमांकाची नोंद या आठवड्यात कोणती करता येईल?