लेकरांसाठी राखलेली जागा

मुलाकडे किंवा लेकीकडे ब्रिटनला गेलो, की मोठ्या दुकानांच्या वाहनतळावर दाराजवळ काही रुंद जागा दिसतात. त्या लहान मुलांसह येणाऱ्या आईवडिलांसाठी राखलेल्या असतात. बाळाला आसनासकट गाडीतून उचलायचे तर दार पूर्ण उघडावे लागते, म्हणून ही रुंदी. अपंगांच्या निळ्या बिल्ल्यासारखा परवाना येथे लागत नाही. बहुतेक वेळा सारे आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेले असते.

नातवंड घरी असताना ‘दोनच मिनिटे’ म्हणून आपण तेथे गाडी लावली, तर मागून आलेल्या आईला तान्ह्यासह दूरच्या अरुंद जागेत अडचण सोसावी लागते. तेव्हा मूल सोबत असेल तरच ती जागा घेऊ या. दुसऱ्याने घेतली म्हणून लगेच रागावूही नये. मागे बाळ झोपलेले असेल, आपल्याला दिसले नसेल.