भाव कमी दिसला, फरक मागता येईल का?

प्रश्न : एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येथील एका मोठ्या दुकानातून दीड टनाचा स्प्लिट एसी घेतला. ४३,००० रुपये मोजले. चौथ्या दिवशी मुलाने मोबाइलवर तोच एसी ३७,४९० रुपयांना दाखवला. दुकानाने वर्तमानपत्रात घालून वाटलेल्या पत्रकावर ठळक छापले होते, ‘यापेक्षा कमी भाव दाखवा, फरक परत घेऊन जा.’ पत्रक घेऊन गेलो, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘ऑनलाइनचा भाव आम्ही धरत नाही, मागे लिहिलंय बघा.’ मागे बारीक इंग्रजीत खरोखरच तसे होते. वर तो असेही म्हणाला, की बिल नको म्हणाला असतात तर तेवढ्यात बसवून दिला असता. निवृत्त माणसाला ५,५१० रुपये थोडे नाहीत. मला ते मागता येतील का?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : फरक मागता येईल, पण पूर्ण ५,५१० रुपये मिळणार नाहीत. आणि जो मिळेल तो त्या पत्रकामुळे.

आधी कायद्याची कोरडी बाजू सांगतो, कारण अनेकांचा इथेच गैरसमज असतो. शेजारच्या दुकानात किंवा मोबाइलवर स्वस्त मिळते म्हणून आपणही त्याच भावात विकावे, अशी सक्ती कोणत्याही दुकानदारावर नाही. एमआरपी ही वरची मर्यादा आहे. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. तिच्या खाली कितीला विकायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. तुम्ही भाव मान्य केलात, पैसे दिलेत, माल घरी आला, की व्यवहार पुरा झाला. काही वाचक ‘तीस दिवसांत माल परत’ या तरतुदीचा दाखला देतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती आहे, पण सदोष मालासाठी. बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दुसरीकडे स्वस्त मिळणे हा मालातला दोष नव्हे. पत्रक नसते तर मी तुम्हाला ‘हा विषय सोडून द्या’ असेच लिहिले असते.

पण पत्रक आहे, आणि तुम्ही त्याच्या दोन्ही बाजू पाठवल्या आहेत. याच कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि खोटी हमी देणारी जाहिरात तिच्यात थेट बसते. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याचा खुलासा हवा. अक्षरही तसेच हवे. आणि खुलाशाने मूळ दावा खोडून काढता कामा नये, असे ती सांगतात. तुमच्या पत्रकाच्या दर्शनी बाजूला अंगठ्याएवढ्या मराठी अक्षरांत वचन आहे. मागच्या बाजूला, दुकानाच्या पत्त्याखाली, इंग्रजीत एक ओळ आहे. चष्मा लावूनही मला ती दोनदा वाचावी लागली. ‘ऑनलाइनचा भाव धरणार नाही’ हे मराठीत, त्याच मोठ्या अक्षरात लिहिले असते तर दुकानाची बाजू भक्कम होती. गिऱ्हाईक बोलवायला मराठी आणि माघारी पाठवायला इंग्रजी, हे चालू देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रकमेकडे वळू. तुमचे बिल आणि मुलाने पाठवलेला स्क्रीनशॉट मी शेजारी ठेवून पाहिला. मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर ताडला. तो एकच आहे, हे फार बरे झाले. अनेकदा शेवटचे एक अक्षर वेगळे निघते आणि तिथेच दावा पडतो. मात्र ३७,४९० या आकड्यात एका बँकेच्या क्रेडिट कार्डाची १,५०० रुपयांची सवलत धरलेली आहे. ती सवलत त्या कार्डधारकापुरती, म्हणून सर्वांसाठीचा भाव ३८,९९०. त्याखाली फिटिंगचे १,५०० आणि बाहेरच्या युनिटच्या स्टँडचे ९०० रुपये वेगळे लिहिले आहेत. म्हणजे घरात बसवून मिळणारा एसी ४१,३९० रुपयांना पडतो. तुमच्या बिलावर फिटिंग आणि स्टँड दोन्हींपुढे ‘समाविष्ट’ असा शेरा आहे. ४३,००० मधून ४१,३९० वजा केले, की राहतात १,६१० रुपये. तेवढेच मागा. ५,५१० मागायला गेलात तर दुकानदार पहिल्या मिनिटाला कार्डाची सवलत दाखवेल आणि तुमचा खरा मुद्दाही त्यात वाहून जाईल.

एसी, फ्रिज घेणाऱ्या इतरांनी भाव ताडताना ऊर्जाबचतीच्या स्टार लेबलावरचा कालावधीही पाहावा. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात. आधीच्या निकषांवर पाच तारे मिळालेला एसी नव्या निकषांवर तेवढे तारे टिकवेलच असे नाही. गोदामातला जुना साठा स्वस्त दिसतो तो अनेकदा यामुळे. त्याच्याशी नव्या मालाचा भाव जुळवा म्हणणे रास्त नाही.

मागायचे कसे? काउंटरवरच्या मुलाशी वाद घालू नका, भाव कमी करण्याचे अधिकार त्याला नसतात. मालकांना किंवा व्यवस्थापकांना भेटा. गर्दीची वेळ टाळून सकाळी दुकान उघडल्यावर जा. साधे अर्ध्या पानाचे पत्र लिहा : खरेदीची तारीख, बिल क्रमांक, मॉडेल क्रमांक, वरचा हिशेब आणि पत्रकातले वाक्य जसेच्या तसे. सोबत पत्रकाची, बिलाची आणि स्क्रीनशॉटची प्रत जोडा. स्क्रीनशॉटवर तारीख, विक्रेत्याचे नाव आणि तुमचा पिनकोड दिसला पाहिजे, कारण ऑनलाइन भाव गावागणिक आणि दिवसागणिक बदलतात. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का देत नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. इतके झाले की बहुतेक दुकानदार रोख फरक देतात किंवा तेवढ्या किमतीची सर्व्हिस देऊ करतात. सर्व्हिस घ्यायची तर ती बिलावर लिहून घ्या.

नकारच आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. १,६१० रुपयांसाठी आयोगात जाणे रकमेच्या मानाने मोठे वाटेल. पण तेच पत्रक तुमच्या गावात किती घरांत पडले असेल याचा विचार केला, तर मला ते मोठे वाटत नाही.

बिनबिलाच्या गोष्टीबद्दल आवर्जून लिहितो. ४३,००० रुपयांत १८ टक्के दराने सुमारे ६,५६० रुपये जीएसटी आहे. ‘बिल नको म्हणा, भाव बसवतो’ म्हणणारा माणूस स्वतःच्या खिशातून काही सोडत नाही; तो सरकारचा कर बुडवतो आणि तुमची वॉरंटी. कॉम्प्रेसर बंद पडला की कंपनी आधी बिल मागते. कच्च्या चिठ्ठीवर ना कंपनी दारात उभे करते, ना आयोगात खरेदी सिद्ध करणे सोपे जाते. त्या दिवशी तुम्ही पक्के बिल घेतलेत, म्हणूनच आज फरक मागू शकता.

आणि एक विनंती सर्वच वाचकांना. भाव जुळवून मागायचा तो पैसे देण्याआधी. मोबाइलवरचा भाव समोर ठेवून सरळ विचारा, ‘हा एवढ्यात पडतोय, तुम्ही कितीत द्याल?’ यात संकोच कसला? महिनाअखेरीस कंपनीचे टार्गेट पुरे करायचे असेल तर दुकानदार जास्त सोडतो. लहान दुकानदाराला मात्र कधी कधी वितरकाकडूनच ऑनलाइनपेक्षा महाग माल येतो. त्याला खरोखर परवडत नसते. अशा वेळी तासभर त्याच्याकडून माहिती घेऊन, मॉडेल समजावून घेऊन, बाहेर येऊन मोबाइलवर मागवणे मला पटत नाही. त्याला निदान एकदा विचारावे.

प्रश्न : मडगावच्या दुकानदाराने वॉशिंग मशीनचा भाव उतरवायला नकार दिला. म्हणाला, ‘कंपनीने यापेक्षा खाली विकायचे नाही असे बजावले आहे, डीलरशिप जाईल.’ कंपनीला असे करता येते का?
— एक गृहिणी, मडगाव

उत्तर : कमाल किंमत ठरवण्याचा अधिकार कंपनीला आहे. किमान किंमत डीलरवर लादणे मात्र २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) खाली येते, आणि त्याने बाजारातल्या स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम होत असेल तर ते बेकायदा ठरते. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने डीलरना ठरावीक मर्यादेपलीकडे सवलत देऊ न दिल्याबद्दल मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. एका मशीनसाठी तुम्ही तिथे जावे असे मी सुचवणार नाही. दुकानदार खरे बोलत असेल तर तो भाव उतरवू शकणार नाही, पण स्टँड, इनलेट पाइप, जुन्या मशीनची जास्त किंमत असे काही देऊ शकेल. ते मागा.

प्रश्न पाठवताना बिलाची, पत्रकाची आणि हमीपत्राची पुढची-मागची अशी दोन्ही बाजूंची प्रत कृपया जोडावी. सांगलीच्या गुरुजींनी मागची बाजू पाठवली, म्हणून त्यांना ठाम उत्तर देता आले.